अर्धी इस्त्री झालेला शर्ट

ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की नुसती वाफ निघते. पार सुकलेल्यावर फिरवली तर सुरकुती हटता हटत नाही. कपड्यावर पाण्याचा शिपका मारायचा, गुंडाळून ठेवायचा, आतून दमट झाला की मग वजन टाकायचं. सुडाचंही तसंच असतं, असं आक्काचं मत. ती हे मत कुणाला ऐकवत बसायची नाही. आठ महिने तिनं ते गुंडाळून ठेवलं होतं.

आक्का म्हणजे नाक्यावरची इस्त्रीवाली. वय साठीच्या अलीकडे, हात कोपरापर्यंत पैलवानाचे आणि जीभ इस्त्रीपेक्षा दोन अंश जास्त तापलेली. तिच्या टेबलाचे चार पाय जमिनीत सिमेंटनं पक्के केलेले होते. तिच्या वडिलांनीच ते केले होते, आणि वडिलांच्या त्याच टेबलावर एके काळी नाटकगृहाचे कपडे व्हायचे. राजाचा झगा, सेनापतीचा कोट, दासीच्या चुण्यांचे घागरे. काय दिवस होते ते! प्रयोगाआधी तासभर वडील हातगाडीवर कपडे रचून पोरीला पुढं बसवायचे आणि मागच्या दारानं आत शिरायचे. पडदा वर गेला की सगळं गाव राजा बघायचं. घरी परतताना पोरगी विचारायची, “बाबा, राजा छान होता ना?”

“डाव्या बाहीला सुरकुती होती,” बाबा म्हणायचे.

तोच डोळा आक्काकडे आला. माणूस समोर उभा राहिला की तिला आधी कपडा दिसायचा, मग माणूस. कोण खुर्चीत बसून आला, कोण झोपून आला, कोणी कालचाच शर्ट झटकून घातलाय, ते ती न विचारता सांगायची. पोलीस चौकीचे गणवेश तिच्याकडेच यायचे. चौकीतले शिपाई तिला वचकून असत, कारण ती टाचणीसारखं बोलायची. “काय रे, काल रात्रपाळी केलीस की टेबलावर डोकं ठेवून घोरलास? कॉलर सांगतेय.”

आता एका कायद्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी कापडाच्या गोदामाला आग लागली होती तेव्हा बघ्यांनी रस्ता असा भरून टाकला की बंबाला आत शिरता येईना. दोन माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला : आग, अपघात, दुखणं, कुठंही मदतीला धावून आलेल्या माणसांपासून पंचवीस पावलं लांब राहायचं. सांगूनही मागं झाला नाहीत तर गुन्हा. कायदा व्हावा म्हणून सह्यांचा कागद नाक्यावर फिरला होता, आणि त्यावर आक्काची सही पहिल्या दहांत होती. “मेल्यांना आगीचा तमाशा बघायला हवा असतो,” असं म्हणून तिनं ती ठसक्यात केली होती.

मदतीला धावून येणाऱ्यांच्या यादीत बंबवाले होते, रुग्णवाहिकावाले होते आणि पोलीसही होते. ते तिनं वाचलं नव्हतं. कोण वाचतं?

तर झालं असं. सकाळचे अकरा. नाक्यावर फळवाल्यानं हातगाडी नेहमीच्या जागी लावलेली. चौकीचा फौजदार स्वतः जीप चालवत आला आणि पुढं जागा नाही म्हणून जीप मागं घेऊ लागला. एक हात चाकावर, दुसरा कानाला फोन धरून. आक्का टेबलापाशी त्याच फौजदाराचा शर्ट करत होती. कॉलर झाली, खांदे झाले, बाह्या झाल्या, छाती झाली, फक्त खालचा घेर राहिला होता. तेवढ्यात जीप गाडीवर आदळली, गाडी फळवाल्यावर, आणि फळवाला खाली. संत्री रस्ताभर. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला.

रुग्णवाहिका मात्र लगेच आली. तिच्यातून नर्स उतरली, गोल चेहऱ्याची, आणि तिनं पहिल्याच मिनिटात फळवाल्याला बोलतं ठेवलं. लोक जमले. फौजदार जीपमधून उतरला, फोन खिशात घातला आणि त्यानं आवाज लावला.

“चला, मागं व्हा! पंचवीस पावलं! कायदा माहीत आहे ना?”

लोक मागं झाले. बरोबरच होतं ते. आक्का टेबलामागून म्हणाली, “साहेब, त्यांना मागं करताय ते ठीक. पण जीप मागं घेताना तुम्ही मागं बघितलंत का? फोन होता तुमच्या कानाला. मी इथून बघितलं.”

फौजदार तिच्याकडे चालत आला. ओठ हलत होते त्याचे.

“चौदा पावलं,” तो म्हणाला. “तुम्ही पण मागं व्हा.”

“अहो, मी कुठं पुढं आले? टेबल इथंच आहे, माझ्या बापाच्या वेळेपासून.”

“कायद्याला टेबल कळत नाही.”

“मग काय कळतं? तिकडं माणूस विव्हळतोय आणि तुम्ही इकडं पावलं मोजत येताय. दोन पावलं त्याच्याकडे टाकली असतीत तर!”

लोक हसले. तिथंच सगळं बिघडलं. शिवी दिली असती तर त्यानं कदाचित सोडलं असतं, पण चारचौघांत हसं झालेला गणवेश फार वाईट. त्यानं तिचा दंड धरला आणि ओढलं. तिच्या हातातली कोळशाची इस्त्री जिथं होती तिथंच, शर्टावर राहिली. “इस्त्री! अहो इस्त्री!” ती ओरडत होती, पण तिला जीपमध्ये घातलं गेलं.

दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आली तेव्हा तिच्या दंडावर पाच बोटं निळी उमटली होती. आणि कागदावर दोन गुन्हे. एक, रुग्णवाहिकेच्या कामात अडथळा. दोन, फौजदाराच्या अंगावर धावून जाऊन खिसा फाडला, सरकारी गणवेशाचं नुकसान.

“खिसा? मी?” ती नवऱ्याला म्हणाली. “मी आयुष्यात खिसे फक्त बाहेर काढून झटकलेत.”

नवरा छापखान्यात खिळे जुळवून निवृत्त झालेला. उलटी अक्षरं वाचायची सवय, पण सरळ माणसाशी बोलायची भीती. आक्का कोठडीत असताना चौकीचा शिपाई कपड्यांचं गाठोडं न्यायला आला तेव्हा नवऱ्यानं ते देऊन टाकलं होतं, जळलेल्या शर्टासकट. “मिटव गं,” तो म्हणाला. “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मासा? मासा कुठला, गाळ आहे तो. गाळ काढल्याशिवाय पाणी पिता येत नाही.”

मिटवायची संधीही चालून आली. आठवड्यानं फौजदार स्वतः आला, साध्या कपड्यांत, टेबलाला टेकून उभा राहिला. त्याचा आवाज साखरेत घोळलेला.

“आक्का, गुन्हा कबूल करून टाका. थोडा दंड होईल, तुमचं टेबल राहील. एक कागद आहे फक्त, त्यावर सही करायची. जीप मागं येताना तुमचं लक्ष कपड्यात होतं, काही दिसलं नाही, एवढंच.”

फळवाल्यावर केस झाली होती की त्यानंच गाडी जीपच्या मागं ढकलली. तो इस्पितळात पाय टांगून पडला होता. त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस एकच, आक्का. ती दोषी ठरली की तिच्या साक्षीला किंमत शून्य.

“आणि सही नाही केली तर?”

“तर चौदा पावलं,” तो हसून म्हणाला. “रोज. इथून कुणाचंही वाहन गेलं, कुणी घेरी येऊन पडलं, की तुम्ही मागं. तुम्ही मागं आणि टेबल इथं. कसं चालेल?”

“साहेब,” आक्का म्हणाली, “टेकू नका. तुमच्या पँटीला चुण्या पडतायत. आता त्या काढायला माझ्याकडे येऊ नका.”

त्याचे कपडे बंद झाले. पण एकदा नव्या शिपायानं चुकून त्याची पँट गाठोड्यात आणली, संचलनाच्या आदल्या दिवशी. कंबरेचा पट्टा बघून आक्कानं ती लगेच ओळखली. मोठ्या मायेनं केली. पुढची धार घातली, मग बोटभर सोडून दुसरी, तीही तितकीच कडक. वरिष्ठ साहेबानं रांगेत थांबून विचारलं म्हणे, “फौजदार, किती पायांवर चालता तुम्ही?” नाक्यावर ही गोष्ट पंधरा दिवस पुरली. आक्कानं ती रोज एकदा कुणाकडून तरी वदवून घेतली, जणू स्वतः पहिल्यांदाच ऐकतेय. पण हे चिमटे झाले. चिमट्यानं तिचं पोट भरणार नव्हतं.

तिला मोफत मिळालेली वकीलबाई तिच्या पोरीच्या वयाची. पेनाचं टोपण चावायची. तिनं खरं काय ते तोंडावर सांगितलं. “आक्का, या कायद्यात एक गोम आहे. अडथळा खरंच झाला का, हे सिद्ध करायची गरजच नाही. सांगितलं आणि मागं झाला नाहीत, बास.”

“म्हणजे मी मुकाट उभी राहिले, कुणाच्या वाटेत नसले, तरी गुन्हा?”

“बोललात ना. मुकाट कुठं उभ्या होतात?”

“आणि मागं झाले असते तर मला काय दिसलं असतं?”

“लोकांच्या पाठी,” वकीलबाई म्हणाली. “तेच तर हवं असतं.”

नर्सलाही आक्का भेटली. नर्सनं कायद्याची बाजू घेतली, आणि आक्कानं ती निमूट ऐकली. “आम्हीच मागितला होता हा कायदा,” नर्स म्हणाली. “एका बाईला झटका आला होता, तिचे शेजारी मोबाईल घेऊन आमच्या स्ट्रेचरवर वाकले होते. एकाला मी कोपरानं ढकललं. आम्हाला जागा लागते हो. पण तुम्ही कुठं होतात आमच्या जागेत? मला तर तुम्ही दिसलातही नाहीत, ओढून नेईपर्यंत.”

“हे कोर्टात सांगाल?”

“पोलिसांबरोबर रोज काम असतं आमचं,” ती म्हणाली. मग, “बोलावलं तर खोटं नाही सांगणार.”

खटल्याच्या दिवशी आक्कानं स्वतःचे कपडे पहाटे उठून केले. नवऱ्याचेही केले. तो म्हणाला, “मी मागं बसतो.” ती म्हणाली, “पुढं बसा. घडी दिसू दे.”

फौजदार पिंजऱ्यात उभा राहिला, छाती काढून. काय बोलला! पाठ केलेलं होतं सगळं, पण फेकही चांगली होती. बाई अंगावर कशी आली, रुग्णवाहिकेचं काम कसं खोळंबलं, खिसा कसा फाटला. सरकारी वकिलानं सील तोडून पिशवीतून शर्ट काढला आणि खिसा वर करून टेबलावर ठेवला. खिसा दोन बाजूंनी उसवून लोंबत होता.

सगळं कोर्ट खिसा बघत होतं. आक्का बाही बघत होती.

तिनं पुढं वाकून वकीलबाईची बाही ओढली. “पोरी, बाहीची धार बघ. खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ आहे. कोपरात मोडलेली नाही.”

“म्हणजे?”

“अगं, हात वाकला की कोपरात धार मोडते. पाच मिनिटं घातला तरी मोडते. हा शर्ट कुणाच्या अंगातच गेलेला नाही. आणि खाली बघ, घेर चुरगळलेला आहे. कॉलर, बाह्या, छाती झालीय, घेर राहिलाय. ही माझी अर्धी इस्त्री आहे. हा टेबलावरचा शर्ट आहे!” तिचा आवाज चढायला लागला तसा तिनं तोंडावर हात ठेवला. “त्याला घेर उलगडायला लाव. पण आधी नको. आधी त्याला नीट अडकव.”

गोष्ट अशी होती की वर्षाला गणवेशाचे दोनच जोड मिळायचे. पुरावा म्हणून फाडायला चांगला शर्ट कशाला? जळालेला वाया गेलेलाच होता, आणि घेर तर पँटीत खोचलेला असतो, बघतंय कोण? एवढी साधी काटकसर.

वकीलबाईनं टोपण तोंडातून काढलं.

“फौजदारसाहेब, घटनेच्या वेळी हाच शर्ट तुमच्या अंगात होता?”

“हाच.”

“सकाळपासून?”

“हो.”

“जीप चालवलीत, फोनवर बोललात, या बाईंना धरलंत, ते सगळं याच शर्टात?”

“फोनवर नाही बोललो,” तो म्हणाला. “पण शर्ट हाच.”

“नंतर धुतला, इस्त्री केला?”

“नाही. अंगातून काढला तो पंचांसमक्ष सील केला.”

“शर्ट मध्ये जळाला वगैरे?”

“नाही,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“तर मग खालचा घेर उलगडून दाखवायला सांगावं, अशी विनंती आहे.”

शिपायानं शर्ट उभा धरला. घेर खाली सुटला. मागच्या भागावर, तपकिरी कडांचा, मध्ये आरपार भोक पडलेला, इस्त्रीचा आख्खा तळ. टोक डावीकडे किंचित वाकडं. इस्त्री कधी काळी वडिलांच्या हातून पडली होती, तेव्हापासून ती तशीच.

“हे झालं तेव्हा,” वकीलबाईनं हळू विचारलं, “आपण शर्टाच्या आत होतात का?”

कोर्ट असं हसलं की न्यायाधीशांनी हातोडा उचलला आणि न आपटताच खाली ठेवला. आक्का हसली नाही. ती त्याच्या कपाळाकडे बघत होती. घाम भुवईपर्यंत आला होता. घ्या, तिनं मनात म्हटलं. शिपका मारून झालाय, आता वजन.

“तो जुना डाग असेल,” फौजदार म्हणाला. “आधीचा.”

“आत्ताच म्हणालात, जळाला नाही.”

“विसरलो होतो.”

न्यायाधीशांनी इस्त्री मागवली. नवरा, जो कधी रस्ता ओलांडतानाही दोनदा विचार करायचा, तो धावत गेला आणि पंधरा मिनिटांत ती जड इस्त्री छातीशी धरून धापा टाकत आला. शर्ट टेबलावर पसरला गेला, इस्त्री डागावर ठेवली गेली. वाकड्या टोकासकट बसली, पायात चप्पल बसावी तशी.

मग नर्स उभी राहिली. अडथळा झाला का? “नाही. आमच्या वाटेत कुणीच नव्हतं.” बाई कुठं होत्या? “टेबलामागं. तिथूनच ओढलं त्यांना.” कशावरून एवढं ठाम? नर्सनं फौजदाराकडे बघितलं नाही.

“जखमीला आत घेतलं आणि जळकट वास आला. टेबलावरून धूर निघत होता. बाईंना जीपकडे नेत होते. मी जाता जाता ती इस्त्री उचलून बाजूला ठेवली. खाली खाकी शर्ट होता. दुसरा खाकी शर्ट साहेबांच्या अंगात होता. खिसा शाबूत होता, कारण त्यांनी त्यात ठेवलेला फोन तेव्हाही वर दिसत होता.”

आक्का दोन्ही गुन्ह्यांतून सुटली. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की हा कायदा वाट मोकळी ठेवण्यासाठी आहे, साक्षीदार लांब ठेवण्यासाठी नाही. आणि जी बाई मुळात आपल्या जागीच होती ती पुढं आली असं म्हणता येत नाही. पंचवीस पावलं मात्र तशीच राहिली कायद्यात. ती बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. फळवाल्यावरची केस महिन्यानं मागं घेतली गेली. आणि फौजदारावर खोटा पुरावा तयार केल्याची चौकशी लागली. त्यात आक्काचा जबाब हवा होता. तिच्या जबाबाशिवाय प्रकरण नुसत्या समजेवर मिटलं असतं.

जबाबाच्या आदल्या दुपारी फौजदाराची आई आली. वाकलेली म्हातारी, काठी टेकत, टेबलापासून जरा लांबच थांबली. आक्कानं तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, चहा मागवला.

“तुझं नुकसान झालं, बाई,” म्हातारी म्हणाली. “पण पोरगं आहे गं माझं. नोकरी जाईल. तुरुंगात जाईल. तू आई आहेस ना?”

“आहे.”

“मग सांग, आठवत नाही म्हणून. बायकांचं मन मोठं असतं.”

आक्कानं इस्त्री जाळीवर उभी केली. “आजी, माझं मन मोठं आहे. त्यात तुम्ही मावता. उद्यापासून तुमचे कपडे मी फुकट करेन, रोज येत जा. पण त्याला त्यात जागा नाही. फळवाल्याचा पाय दोन बोटं आखूड झालाय. तो अजून गाडी ढकलताना एका बाजूला कलतो. तुमच्या पोरानं मला नुसती आत टाकली असती ना, तर कदाचित विसरले असते. त्यानं मला खोटी ठरवायला घेतली. माझ्याच हातच्या कामानं.”

“म्हणजे तू सूड घेतेस.”

नवरा कपड्यांना पाणी शिंपडत होता. त्याचा हात थांबला. त्याला वाटलं, ही आता काहीतरी शहाण्यासारखं बोलेल, न्याय वगैरे.

“हो,” आक्का म्हणाली. “चहा गार होतोय, आजी.”

म्हातारी चहा प्यायली. जाताना तिनं काठी उचलून आक्काकडे रोखली, मग खाली टेकली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत आक्कानं सगळं सांगितलं. कॉलरपासून घेरापर्यंत, क्रमानं, एकही टाका न सोडता. कोपऱ्याच्या बाकावर फौजदार बसला होता, साध्या शर्टात. शर्ट घरी केलेला, बाहीला दोन धारा. बायकोनं केला असावा. आक्कानं ते टिपलं आणि त्या बिचारीबद्दल तिला क्षणभर वाईट वाटलं, फक्त तिच्याबद्दल.

कारकुनानं जबाब वाचून दाखवला. मोठा होता, चार पानं. “बरोबर आहे ना, बाई? मग इथं सही करा.”

आक्कानं पेन घेतलं. बाकाकडे बघितलं. फौजदार जमिनीकडे बघत होता.

“मला कानानं जरा कमी ऐकू येतं,” ती म्हणाली, जिला समोरच्या गल्लीतलं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायचं. “पुन्हा वाचा. पहिल्यापासून. आणि जरा मोठ्यानं.”

कारकुनानं चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. आक्का खुर्चीत नीट मागं टेकून बसली.